मॉरिशसमध्ये फिरायचं कसं? बस, मेट्रो, टॅक्सी आणि भाड्याच्या गाडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉरिशसला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी इथूनच पॅकेज घेऊन निघतात. विमान, हॉटेल, ‘नॉर्थ टूर’, ‘साउथ टूर’ आणि एक दिवस इल ओ सेर्फ या छोट्या बेटावर, असा ठरलेला साचा. त्यात गैर काही नाही. पण त्या तीन फेऱ्या आटोपल्यावर उरलेल्या दिवसांत हॉटेलच्या फाटकाबाहेर पडायचं कसं, हे बुकिंगच्या वेळी कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. खालचे प्रश्न त्या उरलेल्या दिवसांचे आहेत. पॅकेज न घेता स्वतःच्या हिमतीवर जाणाऱ्यांना तर ते सगळेच लागू.

बेट एवढंसं आहे, मग एका जागी राहून सगळं बघून होणार नाही का?

होईल, पण वाटतं तितक्या झटपट नाही. मॉरिशसचं मुख्य बेट साधारण १,८६५ चौरस किलोमीटरचं, म्हणजे गोव्याच्या निम्मं. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ६५ किलोमीटर, रुंदी ४५. नकाशा पाहून माणूस म्हणतो, तासाभरात या टोकाहून त्या टोकाला. प्रत्यक्षात मोटरवे फक्त मधून जातो: आग्नेयेच्या विमानतळापासून क्युरपिप, फिनिक्स करत राजधानी पोर्ट लुईला आणि तिथून पुढे उत्तरेला ग्रां बेकडे. किनाऱ्याकडचे रस्ते अरुंद, गावांमधून जाणारे, वळणांचे. त्यात पोर्ट लुईची सकाळ-संध्याकाळची कोंडी. उत्तरेच्या ग्रां बेहून नैऋत्येच्या ल मोर्नला जाऊन त्याच दिवशी परत यायचं म्हटलं तर दिवसातले चांगले तीन-चार तास गाडीतच जातात.

म्हणून वाहनाचा विचार हॉटेल ठरवण्याच्या आधी करावा, नंतर नाही. लोक उलटं करतात: स्वस्त मिळालं म्हणून पूर्व किनाऱ्यावरचं एखादं एकाकी रिसॉर्ट घेतात आणि मग रोज टॅक्सीला पैसे मोजत बसतात. आठवडाभर किंवा त्याहून जास्त राहणार असाल, तर दोन मुक्काम करा, एक उत्तरेला आणि एक पश्चिमेला किंवा दक्षिणेला. सामान एकदा हलवायचा त्रास होतो, पण रोजची दगदग वाचते.

विमानतळावरून हॉटेलवर कसं पोहोचायचं?

सर शिवसागर रामगुलाम विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला, माएबूर या जुन्या गावाजवळ आहे. ब्लू बे आणि माएबूर अगदी शेजारी. पोर्ट लुई पन्नासेक किलोमीटर, ग्रां बे सत्तरच्या आसपास, पश्चिमेचं फ्लिक अँ फ्लाक आणि पूर्वेचं बेल मार दोन्ही पाऊण ते सव्वा तासाच्या अंतरावर.

हॉटेलकडून किंवा बुकिंग करणाऱ्याकडून आधीच गाडी ठरवणं हा सर्वांत कमी डोकेदुखीचा मार्ग. मुंबईहून थेट विमानाला सहा तासांच्या पुढेमागे लागतात. उतरल्यावर थकलेल्या अवस्थेत भावाची घासाघीस नको वाटते. आधी ठरवलं नसेल, तर बाहेर टॅक्सी मिळतेच. फक्त बॅग डिकीत जाण्याआधी भाडं ठरवून घ्या.

विमानतळावरून बसही जाते. माएबूर आणि क्युरपिप-पोर्ट लुई यांच्यामधल्या बस या भागातून धावतात. पण या बसमध्ये मोठ्या बॅगा ठेवायला जागा नसते. पाठीवर एक सॅक आणि हॉटेल माएबूरला, असं असेल तर खुशाल बस पकडा. दोन सुटकेसी, झोपलेलं मूल आणि हॉटेल ग्रां बेला, असं असेल तर विचारही करू नका. सिमकार्डचे काउंटर विमानतळावरच आहेत. ते काम तिथेच उरका, पुढे नकाशा लागणारच आहे. मॉरिशस आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. घड्याळ लावून घ्या, नाहीतर गाडीवाल्याशी ठरवलेली वेळ चुकते.

बसने फिरता येतं का? सुरक्षित आहे का?

येतं, आणि दिवसाउजेडी अगदी निर्धास्त. बेटावर बसचं जाळं दाट आहे. राष्ट्रीय परिवहन महामंडळाच्या बस आहेत, काही खासगी कंपन्यांच्या आहेत आणि कितीतरी एकेकट्या मालकांच्याही. तिकीट वाहक जागेवर येऊन देतो, रोख पैसे घेतो. दूरच्या प्रवासाचं तिकीटही दोन आकडी मॉरिशस रुपयांतच असतं, तेच अंतर टॅक्सीने चार आकड्यांत जातं. तिकीट उतरेपर्यंत सांभाळा, तपासनीस मध्येच चढतात. सुटे पैसे जवळ ठेवा. हजाराची नोट काढलीत तर वाहक काय नजरेने पाहील, ते एसटीने प्रवास केलेल्याला सांगायला नको.

दोन अडचणी आहेत. पहिली वेळेची. शहरी भागात बस पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होऊन रात्री आठपर्यंत चालते. खेड्यांकडे मात्र संध्याकाळी साडेसहानंतर बसचा भरवसा धरू नये. समुद्रावर सूर्यास्त बघून मग बस पकडू, हा बेत पश्चिम किनाऱ्यावर हमखास फसतो. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी फेऱ्या कमी असतात.

दुसरी अडचण माहितीची. बहुतेक थांब्यांवर वेळापत्रक लावलेलं नसतं. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला विचारणं हाच खरा उपाय आणि तो चांगला चालतो. इंग्रजी सगळीकडे समजते, फ्रेंच त्याहून जास्त, आणि घरातली बोली क्रिओल. अनेकांना हिंदी किंवा भोजपुरीही येते, त्यामुळे आपलं अडत नाही. बस लांबून दिसली की हात दाखवा. नुसतं उभं राहिलात तर ती थांबेलच असं नाही.

पोर्ट लुईत बस नेमकी कुठून सुटते?

इथे बरेच जण चुकतात, कारण तळ दोन आहेत. उत्तरेकडच्या म्हणजे त्रिओले, ग्रां बे, पाम्प्लमूसच्या बस इमिग्रेशन स्क्वेअरहून. क्युरपिप, रोझ हिल, माएबूर आणि दक्षिण-पश्चिमेच्या बस व्हिक्टोरिया स्थानकातून. दोन्हींमध्ये चालत जाण्याएवढं अंतर आहे, पण मधे शहराचा गजबजलेला भाग लागतो आणि दुपारच्या उन्हात ते पंधरा मिनिटं चालणं अंगावर येतं.

इमिग्रेशन स्क्वेअरला उतरलात तर लगेच पुढची बस पकडू नका. शेजारीच आप्रवासी घाट आहे. १८३४ पासून भारतातून करारबद्ध मजूर जिथे उतरवले गेले तो धक्का आणि त्याच्या पायऱ्या. २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतलं. त्या मजुरांत रत्नागिरी-कोकणाकडची मराठी माणसंही होती. पॅकेजच्या बसमध्ये हे ठिकाण खिडकीतून दाखवून पुढे नेण्याची रीत आहे. ती मला पटत नाही.

आणि भूक लागली असेल तर याच भागात ढॉल पुरी मिळते: वाटाण्याच्या डाळीचं सारण भरलेली मऊ पोळी, जोडीने, वर भाजीचा रस्सा आणि चटणी, कागदात गुंडाळून. बेटावरचं सर्वांत स्वस्त आणि बिनधोक शाकाहारी जेवण ते हेच.

मेट्रोचा पर्यटकाला कितपत उपयोग?

शहरं बघायची असतील तर भरपूर, समुद्र बघायचा असेल तर शून्य. मेट्रो एक्स्प्रेस ही जमिनीवरून धावणारी हलकी रेल्वे आहे. पोर्ट लुईहून बो बासँ, रोझ हिल, काट्र बोर्न, फिनिक्स, व्हाकोआ करत ती क्युरपिपला जाते, अंतर साधारण २६ किलोमीटर. रोझ हिलहून एबेन आणि रेद्युईकडे जाणारा फाटाही आता आहे. भारताच्या अर्थसाहाय्यातून लार्सन अँड टुब्रोने ती बांधली. ऑक्टोबर २०१९ मध्ये पहिल्या टप्प्याचं उद्घाटन झालं आणि २०२२ मध्ये ती क्युरपिपला पोहोचली. विमानतळाला किंवा कुठल्याही प्रसिद्ध किनाऱ्याला ती जात नाही.

गंमत म्हणजे हे बेटाला नवं नाही. इथे १८६४ मध्येच आगगाडी आली होती, ऊस आणि माणसं दोन्ही वाहायला. प्रवासी गाड्या १९५६ मध्ये बंद झाल्या, पुढे मालगाड्याही गेल्या आणि बेट पंचावन्नेक वर्षं रुळांविना राहिलं.

मेट्रोची खरी किंमत बसशी जोड घातल्यावर कळते. पोर्ट लुईचं व्हिक्टोरिया, काट्र बोर्न आणि क्युरपिप या तिन्ही ठिकाणी मेट्रोच्या जवळच बसतळ आहे. उदाहरणार्थ, फ्लिक अँ फ्लाकला राहता आणि पोर्ट लुईचा बाजार बघायचाय. सकाळी बसने काट्र बोर्नला या, तिथून मेट्रो घ्या. सकाळच्या गर्दीत मोटरवेवर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत असतात आणि तुम्ही गार डब्यात बसून पोर्ट लुईला पोहोचता. तसंच क्युरपिपहून माएबूरची बस मिळते, सोमवारच्या तिथल्या बाजारासाठी ही वाट उत्तम. तिकीट स्थानकावरच्या यंत्रातून घ्यायचं. ते न घेता बसू नका, तपासणी होते.

टॅक्सीला मीटर असतो का? भाडं कसं ठरवायचं?

मीटरने टॅक्सी चालते असं समजूच नका. भाडं आधी, तोंडी, स्पष्ट: कुठून कुठे, जायचं-यायचं दोन्ही की एकच, थांबायचं किती वेळ, आणि हा आकडा सगळ्यांचा मिळून की माणशी. शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका, वाद होतो तो नेमका त्यावरूनच.

प्रत्येक टॅक्सीचा परवाना एका ठराविक तळाशी बांधलेला असतो. हॉटेलच्या दारात उभ्या टॅक्सी त्या हॉटेलच्याच तळाच्या, आणि त्यांचा दर गावातल्या तळापेक्षा सहसा चढा. दहा मिनिटं चालून गावाच्या नाक्यावर गेलात, तर तोच प्रवास कमी पैशांत होण्याची शक्यता चांगली. रिसॉर्ट गावापासून लांब असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही, आणि रिसॉर्टवाल्यांना ते ठाऊक असतं.

दिवसभरासाठी टॅक्सी ठरवणं हा चौघांच्या कुटुंबासाठी फार सोयीचा प्रकार आहे. साधारण आठ तास, ठरलेला मार्ग, ठरलेली रक्कम. दक्षिणेचा दिवस असाच करावा: हिंदूंचं तीर्थ असलेला गंगा तलाव, ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचा दरीदर्शन कट्टा, शामारेलचा धबधबा आणि सातरंगी माती, मग उतरून ल मोर्न. हा पट्टा बसने करणं म्हणजे दिवस फुकट घालवणं. चालक चांगला निघाला तर त्यालाच पुढच्या दिवसासाठी आणि परतीच्या विमानतळ-फेरीसाठीही सांगून ठेवा, एकत्र भाव बरा पडतो. मात्र सुरुवातीलाच बजावा की दुकानं नकोत. क्युरपिप-फ्लोरेयाल भागातले जहाजांच्या प्रतिकृतींचे कारखाने, हिरे, कपडे यांच्या दुकानांत थांबे घेण्याची तिथल्या सहलींत जुनी सवय आहे आणि आठ तासांतला एक तास त्यातच जातो.

‘शेअर टॅक्सी’ असते का? आणि ओला-उबर?

शेअर टॅक्सी असते, तिला तिथे ‘टॅक्सी त्रें’ म्हणतात. बसच्याच मार्गावर थांब्यावरून प्रवासी उचलत जाते, बसपेक्षा थोडे जास्त पैसे घेते. थांब्यावर गाडी येऊन उभी राहिली आणि आत आधीच तिघं बसलेले दिसले, तर ती बहुधा हीच. चढण्याआधी गावाचं नाव आणि माणशी भाडं विचारा. ओला आणि उबर नाहीत.

पॅकेजमधल्या सहली सोडून द्याव्यात का?

सगळ्या नको. ‘साउथ टूर’ घ्या, कारण तिथे स्वतः जाणं महाग किंवा कटकटीचं आहे. ‘नॉर्थ टूर’ मात्र बसने सहज होते: पोर्ट लुईचा बाजार, कोदाँचा धक्का आणि पाम्प्लमूसची बाग. बागेत राक्षसी कमळपानांच्या तळ्यापाशी सहलीचा गाइड दहा मिनिटं देतो, स्वतः गेलात तर दोन तास कसे जातात कळत नाही. पॅकेज घेताना एवढंच विचारा की गाडी तुमच्यापुरती आहे की आणखी चार हॉटेलांतल्या लोकांना गोळा करत जाणारी. दुसरी असेल तर सकाळचा पहिला तास लोकांना गोळा करण्यात गेला म्हणून समजा.

गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवता येईल का? भारतीय लायसन्स चालतं?

तिथे गाड्या डावीकडूनच चालतात, स्टिअरिंग उजवीकडे. त्यामुळे आपल्याला हात बसवायला वेळ लागत नाही. आपल्या मूळ लायसन्सच्या जोडीला आंतरराष्ट्रीय परवाना जरूर न्या. तो आपल्या आरटीओतून मिळतो, फी १,००० रुपये, मुदत एक वर्षाची. पोलिसाने अडवलं किंवा विम्याचा प्रश्न आला तर कागदपत्रांवरून वाद नको. बऱ्याच कंपन्या चालकाचं किमान वय एकवीस-तेवीस ठेवतात आणि अनामत रकमेसाठी क्रेडिट कार्ड मागतात. डेबिट कार्डावर अनेक ठिकाणी अडतं.

विम्यात ‘एक्सेस’ किती, म्हणजे नुकसान झालं तर आपल्या खिशातून किती जाणार, हा आकडा लेखी घ्या. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी, चाकांचे आणि आरशांचेही व्हिडिओ काढा. डॅशबोर्डच्या कप्प्यात किरकोळ धडकेसाठीचा छापील फॉर्म असतो. कुणाला इजा नसेल तर दोन्ही चालकांनी तो भरून सह्या करायच्या. तो आहे ना, ते बघून घ्या.

रस्ते कसे आहेत? आपल्याकडे चालवणाऱ्याला काय जड जातं?

रस्ते चांगले, चालवणारे बऱ्यापैकी शिस्तीचे. टोल कुठेही नाही. पेट्रोलचा दर सगळ्या बेटावर सारखा, पंपावर माणूस येऊन भरून देतो.

जड जातात ती वर्तुळं, म्हणजे राउंडअबाउट. मोटरवेवरही चौकांऐवजी वर्तुळं आहेत, आणि उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा नियम तिथे खरोखर पाळला जातो. आपल्याकडे ज्याने नाक आधी घुसवलं त्याचा हक्क. ती सवय विमानतळावरच सोडून या. झेब्रा पट्ट्यावर माणूस दिसला की गाड्या थांबतात, तुम्हीही थांबा, नाहीतर पुढे थांबलेल्या गाडीला किंवा त्या माणसाला धडकाल. वेग मोजणारे कॅमेरे ठिकठिकाणी आहेत. मोटरवेवर कमाल ११०, पण खूप ठिकाणी मर्यादा त्याहून खाली येते, गावात तर बरीच. दारू पिऊन चालवण्याची मर्यादा इतकी कमी आहे की एक बिअरसुद्धा नको. पट्टा मागे बसणाऱ्यांनीही लावायचा.

गावांकडच्या रस्त्यांना बऱ्याचदा पदपथ नसतो आणि कडेला उघडं गटार किंवा दगडी कठडा असतो. समोरून बस आली की डावीकडे किती सरकायचं हे जपून ठरवा. जून-जुलैपासून डिसेंबरपर्यंत उसाची तोडणी चालते. तेव्हा उसाने लादलेले ट्रक हळू जात असतात, आणि तोडणीआधीच्या दिवसांत वळणावर दोन्हीकडे पुरुषभर ऊस उभा असल्याने पुढचं काही दिसत नाही. क्युरपिपच्या पठारावर धुकं आणि पाऊस अचानक येतो, किनाऱ्यावर कडक ऊन असतानाही. रात्री लांबचा प्रवास टाळलेला बरा, कारण बाजूच्या रस्त्यांवर दिवे कमी आणि कुत्री जास्त.

पोर्ट लुईत गाडी न्यायची असेल तर सकाळी सात ते नऊ आत जाताना आणि दुपारी साडेतीन-चारनंतर बाहेर पडताना हाल होतात. शहरांत पैसे भरून लावायच्या जागांसाठी कुपन लागतं, ते पेट्रोल पंपावर मिळतं. खरं सांगायचं तर गाडी काट्र बोर्नला लावून पुढे मेट्रोने जाणं शहाणपणाचं.

स्कूटर किंवा सायकल?

किनाऱ्यालगतच्या गावांत स्कूटर भाड्याने मिळतात. आसपासच्या चार किनाऱ्यांना जायला छान, मोटरवेवर नको. हेल्मेट दोघांनाही. परवान्यात दुचाकीची नोंद आहे का ते तपासा, फक्त कारचं लायसन्स असेल तर अपघातात विमा हात वर करतो. सायकल सपाट उत्तरेला चालते, दक्षिणेच्या चढांवर नाही.

गाडी चालवायची नाही, टॅक्सीवर पैसे घालायचे नाहीत. मग राहायचं कुठे?

ग्रां बे किंवा फ्लिक अँ फ्लाक. दोन्हीकडे समुद्र, दुकानं, खाणावळी, बसथांबा आणि नौकाविहारवाले पायी अंतरावर. मला विचाराल तर फ्लिक अँ फ्लाक: किनारा लांब आहे आणि मेट्रोशी बसने जोड मिळते. कासेला प्राणी-उद्यानही तिथून जवळ. शेजारचं कास्कावेल हे मॉरिशसमधल्या मराठी वस्तीचं जुनं गाव. माएबूर स्वस्त आणि गावपण टिकलेलं, जवळच ब्लू बेचं सागरी उद्यान आणि समोर इल ओ एग्रेत हे छोटं बेट, पण रात्री तिथे सामसूम असते. बेल मार आणि ल मोर्न फक्त हॉटेलातच पडून राहायचं असेल तर.

हंगामही बघा. जून ते ऑगस्ट-सप्टेंबर आग्नेयेचे वारे पूर्व किनाऱ्यावर थेट आदळतात, समुद्र खवळतो. तेव्हा पश्चिम आणि उत्तर किनारा निवांत असतो.

इल ओ सेर्फला आणि बाकीच्या बेटांवर जायला बोट कुठून?

इल ओ सेर्फची बोट पूर्वेच्या त्रू द’ओ दूस गावातून. साधी फेरी पंधरा मिनिटांत पोहोचवते. स्पीडबोटवाले वाटेत ग्रांद रिव्हिएर स्युद-एस्तच्या मुखाशी धबधबाही दाखवतात. परतीची शेवटची बोट किती वाजता, हे उतरतानाच विचारा. उत्तरेच्या छोट्या बेटांकडे जाणारे कॅटामरान (जोडतळाच्या मोठ्या बोटी) ग्रां बेहून निघतात, डॉल्फिन आणि इल ओ बेनितिए हे बेट बघायचं असेल तर पश्चिमेच्या ब्लॅक रिव्हर भागातून. इल ओ एग्रेत हे राखीव बेट आहे. माएबूरजवळच्या पॉइंट जेरोमहून वन्यजीव संस्थेची बोट मार्गदर्शकासह नेते, आधी नाव नोंदवावं लागतं.

किनाऱ्यावर चालत येऊन ‘स्वस्तात नेतो’ म्हणणाऱ्याच्या बोटीत बसण्याआधी लाइफ जॅकेट सगळ्यांना पुरतील का, ते मोजा. मुलांच्या मापाचे वेगळे मागा. लाजायचं काही कारण नाही.

रॉड्रिग्जला जावं का? आणि बातम्यांत येतं ते अगालेगा?

रॉड्रिग्ज हे मॉरिशसचंच दुसरं बेट, पूर्वेला साधारण ५६० किलोमीटरवर. विमान दीड तासाच्या आसपास घेतं आणि लहान असतं, त्यामुळे सामानाची मर्यादा तिकीट काढतानाच बघा. शाळांच्या सुट्ट्यांत जागा लवकर भरतात. तिथे बस पोर्ट माथुरँहून सुटतात, दुपार उतरली की विरळ होतात. दोन रात्री तरी द्या, एका दिवसात जाऊन येण्यात अर्थ नाही.

अगालेगा हेही मॉरिशसचंच, हजारएक किलोमीटर उत्तरेला. तिथली नवी धावपट्टी आणि धक्का भारताच्या मदतीने बांधला गेला, २९ फेब्रुवारी २०२४ रोजी उद्घाटन झालं. पर्यटकांसाठी तिथे काही सोय नाही. जाण्याचा बेत करू नका.

गणपती किंवा महाशिवरात्रीला गेलो तर वाहतुकीत अडकू का?

महाशिवरात्रीला नक्की. आधीचे तीन-चार दिवस लाखो भाविक पांढऱ्या कपड्यांत, खांद्यावर कावड घेऊन चालत गंगा तलावाला जातात. पठाराकडे जाणारे रस्ते रात्रंदिवस भरलेले असतात, काही वळवलेले. दक्षिणेच्या सहलीचा दिवस त्या आठवड्याबाहेर ठेवा, किंवा मग मुद्दाम त्यातच जा आणि गाडी लांब सोडून त्यांच्याबरोबर चाला. रस्त्याकडेला गावकऱ्यांनी पाणी-फराळाचे मंडप टाकलेले असतात.

गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी तिथे चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी असते, म्हणजे आपल्या दीड दिवसाच्या विसर्जनाला. दुपारनंतर मिरवणुका समुद्राकडे आणि नद्यांकडे निघतात, तेवढ्यापुरता रस्ता थांबतो. बस त्या दिवशी कमी. कास्कावेलच्या बाजूला असाल तर आरती ओळखीची ऐकू येईल.

आई-वडिलांना घेऊन जातोय. गुडघ्यांचा त्रास आहे.

मेट्रोला पायरी चढावी लागत नाही, फलाट आणि डबा एका पातळीवर. बसच्या पायऱ्या उंच असतात आणि बस सुटते ती माणूस बसेपर्यंत थांबत नाही. त्यांच्यासाठी दिवसाची टॅक्सीच घ्या. बोटीत चढताना बऱ्याच ठिकाणी गुडघाभर पाण्यातून जावं लागतं, कॅटामरान ठरवताना ‘धक्क्यावरून चढता येतं का’ हे विचारा.

चक्रीवादळ आलं तर?

नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत वादळांचा हंगाम, जोर जानेवारी-फेब्रुवारीत. हवामान खातं एक ते चार वर्गांचे इशारे देतं. वर्ग एक आणि दोनमध्ये व्यवहार बऱ्यापैकी चालू असतात, बोटी मात्र आधीच थांबतात. वर्ग तीन लागला की बस, मेट्रो, दुकानं बंद, लोक घरात. तुम्हीही हॉटेल सोडायचं नाही. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या पावसाने पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या. म्हणून इशारा असताना भाड्याची गाडी सखल जागी किंवा नाल्याकाठी लावू नका, आणि पाण्याखाली गेलेला रस्ता ओलांडायचा प्रयत्न करू नका. त्या दिवसांत विमानतळही बंद होतो, तेव्हा परतीच्या तिकिटाला तारीख बदलण्याची सोय असेल तर बरं.

पैसे कसे न्यायचे? यूपीआय चालतं का?

१२ फेब्रुवारी २०२४ पासून मॉरिशसमध्ये भारतीय प्रवाशांना यूपीआयची सोय आहे, पण ते दुकानदारावर अवलंबून. बस, गावातली टॅक्सी, छोटी बोट यांना रोख मॉरिशस रुपयेच. हिशोबाला एक मॉरिशस रुपया म्हणजे साधारण दोन भारतीय रुपये धरून चाला.

परतीच्या दिवशी विमानतळासाठी किती आधी निघावं?

ग्रां बेहून निघत असाल आणि विमान दुपारचं-संध्याकाळचं असेल, तर पोर्ट लुई ओलांडायला जास्तीचा पाऊण तास हाताशी ठेवा. सकाळी सात ते नऊ राजधानीत शिरणारी वाट टाळता आली तर टाळा. भाड्याची गाडी बहुतेक कंपन्या विमानतळावरच परत घेतात. टाकी घेतली तेवढी भरून द्यायची असते, आणि तो पंप वाटेतच शोधून ठेवा, म्हणजे ऐन वेळी धावपळ नको.